घरात मोठा साप पाळणे : शौक आणि अमानत

कुत्रा, मांजर, पोपट, कबुतर यांच्याविषयीचे मसले मशिदीत विचारले जाणे ही जुनी गोष्ट आहे. अलीकडे मात्र अमरावती-अकोल्याच्या तरुणांकडून एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : घरात मोठा साप पाळता येईल काय? हा साप म्हणजे आपल्या वऱ्हाडातील शेतात निघणारा नाग किंवा परड नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा, काचेच्या पेटीत वेटोळे घालून बसलेला परदेशी अजगर त्यांच्या मनात असतो. तो विषारी नाही, आवाज करीत नाही, केस गाळत नाही, आठ-दहा दिवसांतून एकदा खातो. मग अडचण कोणती, असे ते विचारतात. उत्तरात त्यांना एकच शब्द हवा असतो, हलाल किंवा हराम.

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. एखादा जीव आपल्या मालकीचा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो, हा त्याच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न आहे. म्हणून एका शब्दाचे उत्तर बाजूला ठेवून आपण थोडा विचार करू.

साप ही अल्लाहची निर्मिती

साप हा मुळातच दुष्ट जीव आहे, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. ती कुरआनच्या शिकवणीशी जुळत नाही. सूरह नूरमध्ये अल्लाहने आपल्या निर्मितीचे वर्णन करताना पोटावर सरपटणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या आणि चार पायांवर चालणाऱ्या जीवांचा एकत्र उल्लेख केला आहे. आणि त्यात सरपटणारे प्रथम आले आहेत. सूरह अन्आमच्या ३८व्या आयतीचा आशय असा की, जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. ज्याला समुदाय म्हटले, त्याचे स्वतःचे जगणे आहे. तो केवळ आपल्या उपयोगाची किंवा करमणुकीची वस्तू राहत नाही.

आपल्या मेळघाटातही आढळणाऱ्या भारतीय अजगराचेच उदाहरण घ्या. त्याची मादी अंडी घातल्यावर सुमारे दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. साप हा थंड रक्ताचा प्राणी; तरीही ही मादी आपले स्नायू सतत आकसून अंगात ऊब निर्माण करते आणि ती अंड्यांना देते. तिला हे कोणी शिकविले? ईमानवंताला यात निर्मात्याची खूण दिसते.

त्याच वेळी शरीयतने सापाची भीती नाकारलेली नाही. हजरत मूसा (अलै.) यांनी आपली काठी टाकली आणि ती सापासारखी हालू लागली, तेव्हा ते पाठ फिरवून निघाले, असे सूरह कससमध्ये आले आहे. त्यांना न भिण्याचा दिलासा अल्लाहनेच दिला. जिथे एका महान पैगंबराच्या भीतीचा उल्लेख कुरआन संकोच न करता करतो, तिथे शेजारच्या माउलीच्या भीतीला भित्रेपणा म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हदीसमधील दोन बाजू

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत सापासंबंधी दोन प्रकारचे आदेश आढळतात. एकीकडे नमाजमध्ये असतानाही साप आणि विंचू यांना मारण्याची मुभा आहे. दुसरीकडे घरात राहणाऱ्या सापांना सरसकट मारण्यास मनाई आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) हे दिसेल तो साप मारीत असत, हजरत अबू लुबाबा (रजि.) यांनी त्यांना ही मनाई सांगितली, तेव्हा ते थांबले. सहीह मुस्लिममधील हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या रिवायतीत खंदकच्या दिवसांतील एका नवविवाहित तरुणाची घटना आहे. घरात अंथरुणावर साप दिसला, त्याने भाला मारला आणि साप व तरुण दोघेही मरण पावले. त्यानंतर घरातील सापाला आधी निघून जाण्याचा इशारा देण्याची शिकवण दिली गेली. तिच्यामागील गैबचे कारण हदीसमध्ये सांगितले आहे. त्यातून निघणारा व्यवहाराचा धडा मात्र सर्वांना उमगण्यासारखा आहे : घाई नको, उगाच हत्या नको, आणि जिवाला धोका असेल तर संरक्षणाचा हक्क आहे.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या, तर साप आणि मनुष्य यांच्यामध्ये शरीयतने अंतर राखल्याचे दिसते. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. तो अंगावर आला तर स्वतःला वाचवावे. त्याला घरात आणून बाळगणे हा तिसराच मार्ग आहे, आणि त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

प्राणी बाळगण्याची अट

प्राणी पाळणे मुळात वैध आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या लहानग्या भावाजवळ, अबू उमैरजवळ, एक चिमुकला पक्षी होता. प्रेषित (स.) त्या मुलाशी प्रेमाने बोलत आणि पक्ष्याची खुशाली विचारीत. यावरून आलिमांनी पक्षी बाळगण्याची अनुमती काढली आहे.

परंतु त्याच हदीस-संग्रहांत मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीचीही हकीकत आहे. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरील किडे-उंदीर खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. येथे दोन वाटा सांगितल्या आहेत : खाऊ घाला, नाहीतर मोकळे सोडा. आपण पाळलेली मांजर दुसऱ्या वाटेने जाऊ शकते. एखाद्या दिवशी आपण विसरलो, तर ती शेजारच्या ओट्यावर जाईल. काचेच्या पेटीतील परदेशी सापाला ही दुसरी वाट कायमची बंद असते. त्याला ऊब आपण द्यायची, पाणी आपण द्यायचे, अन्न आपण द्यायचे. जितका जीव परावलंबी, तितकी अमानत जड.

फिक्हच्या ग्रंथांत या प्रश्नावर चर्चा आहे. शाफई परंपरेतील काही फकीहांनी असा नियम मांडला की, ज्या प्राण्याला मारण्याचा आदेश आहे, त्याला बाळगणे योग्य नाही. हनफी ग्रंथांत औषधासारख्या खऱ्या उपयोगासाठी सापाच्या खरेदी-विक्रीला वाव दिलेला आढळतो. म्हणजे वादाचा मुद्दा ‘साप’ या नावाचा नसून नुकसान आणि उपयोग यांचा आहे. बिनविषारी सापाविषयी कोणी आलिम अधिक सौम्य मत देईल, तर त्याला या चर्चेत आधार सापडू शकतो. परंतु सौम्य मत घेणाऱ्यानेही पुढील हिशेब केलाच पाहिजे.

सुरक्षितता म्हणजे काय, ते आधी पाहू

साप ‘सुरक्षितपणे’ पाळता येतो, असे सहज म्हटले जाते. ही सुरक्षितता तीन जणांची असते : घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि सापाची.

ज्याला बॉल पायथन म्हणतात, तो आफ्रिकेतील लहान अजगर चार-पाच फुटांचा होतो आणि नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगतो. ब्रह्मी अजगर पंधरा फुटांच्या पुढे जाऊ शकतो. जाळीदार अजगर त्याहूनही लांब होतो. विकत घेताना तो दोन फुटांचा आणि मनगटाला गुंडाळता येणारा असतो. अठरा वर्षांचा मुलगा जेव्हा तो घेतो, तेव्हा तो स्वतःच्या चाळिशीपर्यंतचे वचन देत असतो. मधल्या काळात शिक्षण, पुण्या-मुंबईची नोकरी, निकाह, लेकरे हे सर्व यायचे असते. साप मागे राहतो आणि तो सांभाळण्याचे काम आईच्या गळ्यात पडते.

मोठ्या सापाच्या पेटीला पक्के कुलूप लागते. नुसते सरकते झाकण तो डोक्याने ढकलून उघडतो. आठ फुटांहून मोठ्या सापाला एकट्याने हाताळू नये किंवा खाऊ घालू नये. दुसरी सशक्त प्रौढ व्यक्ती जवळ हवी. हाताला उंदराचा वा कोंबडीचा वास असेल, तर साप हातालाच भक्ष्य समजतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. पेटीत एक बाजू उबदार आणि एक थंड लागते, कारण साप आपल्या शरीराचे तापमान जागा बदलूनच राखतो. आता अकोल्याचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा ४५ अंशांच्या पुढे, दुपारी वीज गेलेली, कूलर बंद. माणूस ओसरीत येऊन बसतो, ओला पंचा डोक्यावर घेतो. पेटीतल्या सापाला थंड बाजूच उरत नाही आणि तो ओरडूही शकत नाही.

अन्नाचाही प्रश्न आहे. जंगलात साप उंदीर धरतो, तो सृष्टीचा नियम आहे. तिथे आपला हात नसतो. बंद पेटीत जिवंत उंदीर सोडतो, तो मात्र माणूस. पळायला जागा नसलेल्या जीवाची तडफड पाहण्यासाठी मित्र जमवावेत आणि चित्रीकरण करावे, हे जिवंत प्राण्याला बांधून नेमबाजीचे लक्ष्य करण्यास मनाई करणाऱ्या प्रेषितांच्या (स.) उम्मतीला शोभत नाही. ज्या दीनने जबह करतानाही सुरी धारदार ठेवण्यास सांगितले, त्याने पेटीतील उंदराचा विचार आपल्यावर सोडून दिलेला नाही. शिवाय कोंडलेला उंदीर सापालाही चावून जखमी करतो. म्हणून जाणकार पाळणारे आधीच मेलेले भक्ष्य चिमट्याने देतात.

दोन दुर्घटना आणि जबाबदारी

जुलै २००९ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात एका घरातील पाळीव ब्रह्मी अजगर रात्री पेटीतून निसटला आणि त्याने पाळण्यातील दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. साडेआठ फुटांचा तो साप अत्यंत कुपोषित होता. त्याला सुमारे महिनाभर खायला मिळाले नव्हते. २०११ मध्ये मुलीची आई व तिचा साथीदार यांना प्रत्येकी १२ वर्षांची शिक्षा झाली. सापाची उपासमार आणि मुलीचा मृत्यू एकाच निष्काळजीपणातून आले.

ऑगस्ट २०१३ मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात आफ्रिकी अजगर पेटीतून हवेच्या नळीत शिरला आणि छतातून खाली, पाहुणे म्हणून झोपलेल्या दोन सख्ख्या भावांवर पडला. चार आणि सहा वर्षांची ती मुले दगावली. साप बाळगणाऱ्या गृहस्थाला ज्यूरीने २०१६ मध्ये निर्दोष ठरविले.

इस्लामी कायद्यात या दोन्ही निकालांना समजून घेण्याची चौकट आहे. मुक्या जनावराने केलेल्या इजेची भरपाई नाही, असा हदीसचा आशय आहे. कारण जनावराला अपराध कळत नाही. परंतु फकीहांनी त्याला अट जोडली : मालकाचा निष्काळजीपणा नसेल तर. सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद (अलै.) व हजरत सुलैमान (अलै.) यांनी रात्री शेतात शिरलेल्या मेंढरांच्या नुकसानीचा न्याय केल्याचा उल्लेख आहे. प्रेषितांच्या (स.) एका निवाड्यात दिवसा बागेची राखण बागवाल्याने आणि रात्री जनावरांची राखण त्यांच्या मालकाने करावी, असे ठरविले गेले. ज्याच्या हाती दोर, त्याच्यावर जबाबदारी. आणि जगातील न्यायालयाने एखाद्याला सोडले, तरी ‘तू पुरेशी काळजी घेतली होतीस काय’ हा प्रश्न आखिरतच्या दिवसासाठी शिल्लक राहतोच.

‘अल्लाहवर भरवसा आहे’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आधी उंट बांधण्याची आणि मग तवक्कुल करण्याची शिकवण प्रसिद्ध आहे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात न लोटण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) किती कठोर शब्द वापरले आहेत, हे आपण जाणतोच. एका भिंतीपलीकडे तान्हे लेकरू झोपत असेल आणि त्याच्या आईची झोप आपल्या शौकामुळे उडाली असेल, तर साप पेटीबाहेर न येताही नुकसान झालेले असते.

कायद्याची मर्यादा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे वा घरात ठेवणे हा गुन्हा असून त्याला किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. नाग, धामण, परड यांनाही संरक्षण आहे. परदेशी सापांपैकी जे आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे करावी लागते. ‘तो परदेशी आहे, त्याला कायदा लागत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे मानू नये.

यातील बरेच जीव कसे येतात, तेही पाहावे. जून २०२५ च्या आरंभी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले. पिशव्यांत कोंबून आणलेल्या अशा जीवांपैकी कित्येक वाटेतच गुदमरतात. चोरीचा माल विकत घेऊन त्याच्यावर प्रेम करण्याने तो हलाल होत नाही. करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि देशाचा न्याय्य कायदा हा आपण नागरिक म्हणून केलेला करारच आहे.

आपल्या गावांतील जुने रूप

साप बाळगणे शहरी तरुणांनीच सुरू केले असे नाही. गारुड्याच्या टोपलीतील नाग आपल्या आजोबांनी पाहिला आहे. त्याचे विषदंत उपटलेले असत, कधी तोंड शिवलेले असे. तो दूध पितो असे वाटे, पण ते तहानेने. त्याहून वाईट प्रकार मांडुळाचा आहे. हा बिनविषारी, मातीत राहणारा, आखूड शेपटीचा साप ‘दोन तोंडी’ समजला जातो. तो गुप्तधन दाखवितो, पैशाचा पाऊस पाडतो, या खोट्या आशेने त्याला माठात किंवा डब्यात दडवून ठेवतात आणि लाखोंच्या भाषेत त्याचे सौदे करतात. दुःखाची बाब अशी की, या व्यवहारात नमाजी घरांतील नावेही कधी निघतात. रिज्क देणारा अल्लाह आहे, हे कलमा वाचणाऱ्याने डब्यातल्या सापाकडून शिकावे काय? येथे जीवावर जुलूम आहे, लोकांची फसवणूक आहे आणि तौहीदला धक्काही आहे. याविषयी मतभेदाला जागा नाही.

तरुणाचा आक्षेप

विचारी तरुण यावर म्हणेल : ‘मला सापाविषयी खरेच प्रेम आहे. मी मांडूळवाला नाही. आणि फ्लॅटमध्ये कोंडलेली मांजर तरी कुठे मोकळी आहे?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे.

मांजर हजारो वर्षांपूर्वी धान्याच्या कोठाराशी आपण होऊन आली आणि राहिली. प्रेषितांनी (स.) तिला आपल्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकी म्हटले. ती बोलावले तर येते, रागावली तर निघून जाते. तिच्या राहण्याला तिची काही संमती आहे. साप माणसाचा स्पर्श सहन करायला शिकतो, पण माणसाची सोबत त्याला हवीशी वाटते, असे मानण्यास आधार नाही. जे प्रेम केवळ कुलपाच्या आधारे टिकते, त्यात दुसऱ्याच्या भल्यापेक्षा आपली हौस अधिक असण्याचा संभव आहे. तरुणाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा : मला हा जीव आवडतो, की हा जीव माझ्याजवळ असणे आवडते?

आवड खरी असेल, तर तिला वाटा आहेत. इजिप्तचे शाफई आलिम अल्लामा दमीरी (निधन इ. स. १४०५) यांनी प्राणिसृष्टीवर मोठा ग्रंथ रचला, त्यात प्राण्यांचे स्वभाव आणि त्यांच्यासंबंधीचे शरई नियम शेजारी-शेजारी आहेत. आपला मुलगा प्राणिशास्त्र शिकू शकतो. वन विभागाच्या संमतीने काम करणाऱ्या अनुभवी सर्पमित्रांकडून तो साप ओळखायला शिकू शकतो. कपाशी-सोयाबीनच्या रानात धामण किती उंदीर कमी करते, हे समजावून सांगणाऱ्या एका तरुणामुळे मोहल्ल्यातील काठ्या खाली आल्या, तर ती एक सदका-ए-जारियाच म्हणावी. मात्र वाचविलेला साप बरणीत ठेवून लग्नात मिरविणे, नागाच्या फण्याशी तोंड नेऊन फोटो काढणे, ही सेवा नव्हे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, त्या वेळी तिथे पाहणारे कोणी नव्हते.

ज्यांच्या घरी साप आहेच, त्यांच्यासाठी

ज्यांच्याकडे परदेशी साप आधीच आहे, त्यांनी हा लेख वाचून घाबरून त्याला पूर्णा नदीच्या काठी किंवा मेळघाटात सोडू नये. फ्लोरिडात सोडलेल्या व निसटलेल्या ब्रह्मी अजगरांची पैदास झाली, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील संरक्षित वनातील रॅकूनसारख्या प्राण्यांचे दर्शन ९९ टक्क्यांनी घटले. एका घरची चूक साऱ्या रानाला भोवते. त्याला मारूही नये. वन विभागाला कळवावे. राज्याची ‘१९२६’ ही मदतवाहिनी त्यासाठी आहे. नोंदणीची वाट असेल तर नोंदणी करावी, नसेल तर ताबा द्यावा. तोवर त्याचे अन्न, पाणी आणि योग्य तापमान यांत कसूर करू नये, पेटीला कुलूप ठेवावे आणि लेकरांना त्या खोलीत झोपवू नये.

सामान्य कुटुंबाच्या घरात मोठा साप बाळगू नये, हे माझे मत वाचकांच्या लक्षात आले असेलच. ज्या जीवाचे हक्क आपण नीट ओळखत नाही, ते अदा करण्याचे वचन देणे धाडसाचे आहे. अल्लाहने पृथ्वी त्याच्यासाठीही पसरली आहे. आपल्या बांधावरून तो सरपटत जाईल तेव्हा दोन पावले मागे सरून त्याला वाट द्यावी. अल्लाह आपल्या मनांत त्याच्या साऱ्या मखलूकविषयी दया आणि आपल्या जबाबदारीचे भान निर्माण करो. आमीन.